धोरण मुख्यालयाचे, कसोटी मावळाची

२०२५ च्या एप्रिलच्या आरंभी लोणावळ्यातील एका सरकारी बँकेच्या शाखेत मराठीच्या वापरावरून वाद झाला. एका राजकीय पक्षाचे कार्यकर्ते शाखेत शिरले, व्यवस्थापकांना जाब विचारला गेला आणि बाचाबाचीत एका कर्मचाऱ्याला मारहाण झाली. त्या दिवसांत राज्यात इतरत्रही असे प्रकार घडले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी निषेध नोंदविला आणि थोड्याच दिवसांत त्या पक्षाच्या नेतृत्वानेच कार्यकर्त्यांना आंदोलन थांबविण्यास सांगितले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले.

कर्मचाऱ्याच्या अंगावर हात टाकण्याचे समर्थन कोणत्याही भाषेच्या नावाने होऊ शकत नाही. खिडकीमागे बसणाऱ्या माणसाने बँकेचे धोरण ठरविलेले नसते. आपली नेमणूक कोठे व्हावी हेही त्याने ठरविलेले नसते. पण हा निषेध नोंदविल्यावरही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. बँकांतील फलक, अर्ज आणि छापील माहिती इंग्रजी-हिंदीबरोबर त्या त्या राज्याच्या भाषेतही असावी, ही रिझर्व्ह बँकेची सूचना नवी नाही. ग्राहकसेवेसंबंधीच्या तिच्या २०१५ च्या महापरिपत्रकातही ती आहे. म्हणजे धोरण आहे, ते लेखी आहे आणि त्याला उघड विरोध कोणी केलेला नाही. असे असता ते खिडकीपर्यंत पोहोचले की नाही, याची चौकशी रस्त्यावरच्या कार्यकर्त्यांनी करावी, ही पाळी का आली? मुख्यालयातून निघालेले धोरण शाखेपर्यंत येताना वाटेत कोठे अडते आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे. तो भाषेपुरता मर्यादित नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावपर्यंतच्या मावळात कर्ज कोणाला मिळते, ते केव्हा मिळते आणि न मिळाल्यास काय होते, या सर्वांशी तो जोडलेला आहे.

परिपत्रक आणि आढावा बैठक

बँकेचे नेतृत्व म्हटले की अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि त्यांची वार्षिक सभेतील भाषणे डोळ्यांसमोर येतात. ते चूक नाही. परंतु शाखेत काम करणाऱ्या माणसाला नेतृत्वाचा अनुभव येतो तो भाषणांतून नव्हे. परिपत्रक आले की धोरण कळते. त्यातील कोणता भाग वरिष्ठांना मनापासून हवा आहे आणि कोणता केवळ नोंदीसाठी लिहिलेला आहे, हे मात्र दर महिन्याच्या आढावा बैठकीत कळते. विभागीय व्यवस्थापक पहिला प्रश्न ठेवींविषयी विचारतात, दुसरा विमा विक्रीविषयी, तिसरा वसुलीविषयी. आणि शेतीचा विषय निघेपर्यंत जेवणाची वेळ होते. एवढ्यावरून शाखाधिकारी आपला महिना कसा घालवायचा ते ठरवितो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो वरिष्ठांचे मन अचूक वाचत असतो.

याखेरीज आणखी दोन गोष्टी तो बारकाईने पाहतो. सद्हेतूने दिलेले कर्ज बुडाले तर वरिष्ठ पाठीशी उभे राहतात की चौकशी अधिकाऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होतात, ही एक. कोणाला बढती मिळते आणि कोणाची बदली होते, ही दुसरी. विचारलेला प्रश्न, दिलेले संरक्षण आणि केलेली बदली या तीन गोष्टींतून बँकेचे खरे धोरण शाखेपर्यंत पोहोचते. छापील धोरण आणि हे न लिहिलेले धोरण यांत विसंगती आली की विजय नेहमी न लिहिलेल्याचाच होतो. ती विसंगती दूर करणे हे नेतृत्वाचे पहिले काम आहे. नवनवीन योजनांना नावे देणे हे त्यानंतरचे.

गाडगीळांनी मांडलेला जिल्हा

या प्रश्नाचा विचार पुण्यात नव्याने सुरू करावयाचा नाही. १९६९ च्या १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत पुण्यात १९३५ साली नोंदविलेली आणि फेब्रुवारी १९३६ पासून व्यवहार करू लागलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. प्राध्यापक वामन गोविंद काळे आणि डी. के. साठे हे तिचे संस्थापक. त्याच वर्षी डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुचविले की बँकांनी देशाचा विचार सरसकट न करता जिल्हा हा घटक धरावा. प्रत्येक जिल्ह्याची गरज आणि क्षमता तपासावी आणि त्याप्रमाणे शाखा व कर्ज यांची आखणी करावी. नरिमन समितीने त्या सूचनेला व्यवहार्य रूप दिले आणि १९६९ च्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. पुणे जिल्ह्याचे अग्रणीपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

गाडगीळांच्या कल्पनेत एक अपेक्षा गृहीत होती, ती म्हणजे जिल्हा जाणणारा बँकर. गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी आयुष्यभर जी पाहणीची शिस्त शिकविली तीच त्यांना बँकांकडून हवी होती: आधी गाव पाहावे, मग आकडा लिहावा. १९६९ च्या मध्यास देशात बँकांच्या सुमारे ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्यांची संख्या साठ हजारांवर गेली. एवढा विस्तार जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. १९८९ च्या एप्रिलपासून प्रत्येक ग्रामीण व निमशहरी शाखेला साधारण पंधरा ते पंचवीस गावे नेमून देण्यात आली. ती आखणीही मूळ कल्पनेला धरूनच होती.

पण शाखा उघडणे हे आदेशाने होते. गाव पाहणे आदेशाने होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक भरते, वार्षिक पतआराखडा मंजूर होतो, तालुकावार उद्दिष्टे वाटली जातात आणि प्रत्येक बँक आपापली टक्केवारी वाचून दाखविते. या बैठका निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु आराखडा गावातून वर जाण्याऐवजी मागील वर्षाच्या आकड्यावर काही टक्के वाढवून वरून खाली आला, की गाडगीळांनी मांडलेला जिल्हा कागदावर उरतो.

एक तालुका, दोन अर्थव्यवस्था

मावळ तालुका या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या रेषेवरून लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग जातो. या रेषेवर पर्यटन आहे, चिक्कीची दुकाने आहेत, हॉटेले आहेत, औद्योगिक वसाहत आहे आणि मुंबईकरांची दुसरी घरे आहेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही खोरी पसरली आहेत. तेथे पाऊस अतोनात पडतो आणि मुख्य पीक एकच, भात. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले इंद्रायणी वाण आज घरोघरी ठाऊक आहे. अलीकडच्या काळात पवन मावळात आणि तळेगावच्या आसपास हरितगृहांतील गुलाबाची शेती वाढली, आणि फेब्रुवारीत येथील फुले परदेशी जातात.

या दोन मावळांना बँकेकडून लागणारी सेवा भिन्न आहे. रेषेवरचे काम सोपे आणि लाभाचे. घरकर्जाला घर तारण असते, पगाराचा दाखला असतो, कागदपत्रे इंग्रजीत आणि नीटनेटकी असतात. एका घरकर्जाने शाखेच्या उद्दिष्टाचा जो भाग भरून निघतो तो भरण्यासाठी खोऱ्यांत कदाचित पन्नास पीककर्जे द्यावी लागतील. त्या पन्नासांसाठी पन्नास सातबारे पाहावे लागतात, वाटण्या न झालेली खाती समजून घ्यावी लागतात, भावाभावांच्या संमती मिळवाव्या लागतात. हरितगृहाचे कर्ज तर आणखी अवघड. त्यात भांडवल मोठे, परतफेडीची मुदत लांब, आणि उत्पन्न परदेशी बाजारावर अवलंबून. तो व्यवसाय ज्याने पाहिलेला नाही तो अधिकारी नाही म्हणूनच सुरक्षित राहतो.

आणि वेळ? भाताची रोपवाटिका मृगाच्या सरींबरोबर पडते, लावणी जुलैत उरकावी लागते. मेअखेर हाती आलेले कर्ज हे पीककर्ज. ऑगस्टमध्ये आलेले कर्ज हा केवळ नोंदवहीतील आकडा. वार्षिक उद्दिष्टात दोघांची किंमत सारखीच धरली जाते, हे विशेष.

२०२५ च्या १ जानेवारीपासून शेतीसाठी तारणाशिवाय द्यावयाच्या कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली. निर्णय रिझर्व्ह बँकेचा, सर्व बँकांना सारखाच लागू. तरीही एका शाखेत तो पहिल्याच हंगामात अमलात येतो आणि दुसऱ्या शाखेत शेतकऱ्याला आणखी एक कागद, आणखी एक जामीनदार आणि आणखी एक खेप सांगितली जाते, असा फरक कोठेही पडू शकतो. हा फरक नियमातून निघत नाही. वरिष्ठांनी त्या नियमाविषयी एकदा तरी आवर्जून विचारले की नाही, यावर तो ठरतो.

मावळात या दिरंगाईची किंमत इतर तालुक्यांपेक्षा निराळी आहे. विदर्भ-मराठवाड्यात बँकेने परत पाठविलेला शेतकरी सावकाराच्या दारी जातो. मावळात त्याच्या दारी जमिनीचा गिऱ्हाईक आधीच उभा असतो. अर्धा एकर विकला की पेरणीही होते, मुलीचे लग्नही होते आणि पुढील वर्षी बँकेत जाण्याची गरजच उरत नाही, कारण पेरण्याजोगे फारसे काही शिल्लक नसते. पुढे त्याच जमिनीवर बंगला उभा राहतो आणि त्याच्यासाठी गृहकर्ज मात्र तत्परतेने मंजूर होते. ते देणारी शाखा कदाचित तीच असते. शाखेच्या ताळेबंदात हे यश म्हणून नोंदले जाते. त्यात कोणी लाच घेतलेली नाही, कोणी नियम मोडलेला नाही. मात्र शेतीला पतपुरवठा वाढविण्याचे जे धोरण बँकेने छापले होते, त्याच्या नेमके उलट घडलेले असते.

पैसा फंड आणि एक रुपया

आकड्याच्या मागे लागले की आकडाच मिळतो, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती अशा कोट्यवधींची खाती उघडली गेली. ही कामगिरी मोठी होती. पण त्यांतील कित्येक खात्यांत शिल्लक शून्य आहे, अशी टीका होऊ लागली आणि शून्य शिलकीची खाती कमी करण्याचा दबाव खाली आला. काही सरकारी बँकांच्या शाखांतून खात्यांत एकेक रुपया भरून शून्य पुसण्यात आल्याचे २०१६ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. तो रुपया खातेदाराने भरलेला नव्हता. तो शाखेच्या किरकोळ खर्चातून किंवा कर्मचाऱ्यांच्या खिशातून आलेला होता.

येथे तळेगावची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रत्येकाकडून एक पैसा घ्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आरंभी त्याची तांत्रिक धुरा वाहिली. तेथे शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी पुढे देशात ठिकठिकाणी काच कारखान्यांना हातभार लावला. काळे हे कोणत्याही बँकेचे अधिकारी नव्हते. त्यांच्या हाती परिपत्रक काढण्याची सत्ता नव्हती. त्यांना एवढेच करावे लागले की पैसा कशासाठी मागितला जात आहे, हे देणाऱ्याला पटवून द्यावे. म्हणून तो पैसा लोकांच्या खिशातून निघाला. शंभर वर्षांनंतर लेखनिकाच्या खिशातून निघालेल्या रुपयामागे हेतू पटलेला नव्हता, भीती होती. रक्कम दोन्हीकडे क्षुल्लकच. फरक पडला तो नेतृत्वाने काय मागितले यामुळे.

हा दोष भारतीय किंवा सरकारी बँकांचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो ही खासगी बँक. एकेका ग्राहकाच्या गळ्यात अधिकाधिक खाती घालण्याचा आग्रह तिच्या वरिष्ठांनी धरला आणि खालच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लक्षावधी खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरांचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच कामावरून गेले होते, आणि अखेर मुख्य अधिकाऱ्यालाही पद सोडावे लागले. आधी हजारो लहान माणसे गेली, मोठा माणूस शेवटी गेला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुण्यातील एक अनुभव

वरच्या पदावरील नेतृत्वाने काहीच बदलत नाही, असा याचा अर्थ नव्हे. २०१७ च्या जूनमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रवर रिझर्व्ह बँकेने त्वरित सुधारणा कारवाईचे निर्बंध घातले. मार्च २०१८ अखेर तिची ढोबळ अनुत्पादित कर्जे १९.४८ टक्के होती. म्हणजे दिलेल्या दर पाच रुपयांतील जवळजवळ एक रुपया अडकलेला. २०१८-१९ या वर्षी तोटा ४,७८४ कोटी रुपयांवर गेला. २०१९ च्या ३१ जानेवारीला निर्बंध उठले. त्यानंतर चित्र वर्षागणिक पालटत गेले. मार्च २०२५ अखेर ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण १.७४ टक्के आणि त्या वर्षाचा निव्वळ नफा सुमारे ५,५२० कोटी रुपये. ज्या बँकेच्या अस्तित्वाविषयी पुणेकर ठेवीदार काळजीने बोलत असत, तिची गणना सरकारी बँकांतील चांगल्या कामगिरीत होऊ लागली.

या बदलाचे श्रेय एका व्यक्तीला देण्याचा मोह टाळला पाहिजे. सरकारने भांडवल घातले, दिवाळखोरीचा नवा कायदा आला, जुनी बुडीत कर्जे मोठ्या प्रमाणावर निर्लेखित झाली आणि सर्वच सरकारी बँकांची स्थिती या काळात सुधारली. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. निर्बंधांच्या काळात बँकेपुढे मोजक्या गोष्टी होत्या आणि त्या सर्वांना ठाऊक होत्या: वसुली करावयाची, नवे कर्ज जपून द्यावयाचे, खर्च आवरावयाचा. वरपासून खालपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता, म्हणून उत्तरही एकच आले. संकटात बँकांना जमणारी ही एकाग्रता सुकाळात का टिकत नाही? सुकाळात मुख्यालयाची प्रत्येक शाखा-उपशाखा आपापले उद्दिष्ट खाली पाठवू लागते. विमा, क्रेडिट कार्ड, भ्रमणध्वनीवरील सेवा, सोनेतारण, सरकारी योजना. पाच-सात माणसांची शाखा त्या ओझ्याखाली सर्व काही थोडेथोडे करते आणि अवघड ते मागे टाकते. नाणे मावळातील भात हे त्या अवघडांत मोडते.

शिवाय, ताळेबंद सुधारला म्हणजे धोरण राबविले गेले, असेही नाही. दोन टक्क्यांखाली आलेले अनुत्पादित कर्ज हे सावध बँकेचे लक्षण आहे. ती सावधगिरी योग्य पारखीतून आली की अवघड कर्जदाराला दारातूनच परत पाठविल्याने आली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी किती अर्ज आले, किती नाकारले गेले, कोणत्या महिन्यात मंजूर झाले, हे विचारावे लागेल. असे प्रश्न विचारणारे नेतृत्व ताळेबंदापलीकडे पाहते असे म्हणता येईल.

शाखाधिकाऱ्याला अधिकार द्यावेत का?

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. शाखाधिकाऱ्याला अधिक अधिकार आणि एका जागी अधिक काळ द्यावा, तर गैरव्यवहाराला वाट मोकळी होते, असे अनुभव सांगतो. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतील जो प्रचंड घोटाळा उघडकीस आला, त्यात संबंधित अधिकारी बदलीच्या नियमाला अपवाद ठरून वर्षानुवर्षे त्याच जागी राहिला होता. १९८० च्या दशकातील कर्जमेळावे हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. तेथे वरून आलेल्या उत्साहापुढे शाखेची पारख बाजूस पडली, पात्रता न पाहता कर्जे वाटली गेली, आणि १९९० च्या कर्जमाफीनंतर फेडीची सवयही सैल झाली. तेव्हा नियम, तपासणी आणि बदली या गोष्टी निरर्थक नाहीत.

आक्षेप खरा आहे; त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र पूर्ण खरा नाही. मुंबईच्या घोटाळ्यात अधिकारी जागी राहिला एवढेच घडले नव्हते. त्याने परदेशी पाठविलेल्या हमीपत्रांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबात येत नव्हती आणि ती येते की नाही हे वरच्या कोणी पाहिले नाही. पाहणारे डोळे झोपले होते. कर्जमेळाव्यांत तर शाखेचा अधिकार वाढला नव्हता. तो काढून घेतला गेला होता. दोन्ही उदाहरणांतून एकच शिकवण मिळते. अधिकार आणि देखरेख एकमेकांच्या विरोधी नाहीत. शाखेला पारख करू द्यावी आणि वरिष्ठांनी ती पारख प्रत्यक्ष जाऊन तपासावी, या दोहोंची गरज आहे. दोन लाखांच्या पीककर्जावर अविश्वास आणि शेकडो कोटींच्या हमीवर डोळेझाक, अशी विभागणी आजवर झाली, ती उलटी करावयास हवी.

पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, याचे उदाहरण भारतीय बँकिंगमध्ये आहे. आर. के. तलवार हे १९६९ पासून स्टेट बँकेचे अध्यक्ष होते. लहान उद्योजक आणि शेतकरी यांच्याकडे बँकेने वळावे यासाठी त्यांनी तिची फेररचना केली. आणीबाणीत सत्तेच्या जवळून आलेली कर्जासंबंधीची शिफारस त्यांनी मानली नाही. त्यांना दूर करता यावे म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९७६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. तलवारांचे नाव बँक कर्मचाऱ्यांच्या पिढ्यांनी आदराने घेतले, ते त्यांच्या योजनांच्या संख्येमुळे नव्हे. वरचा माणूस दबाव स्वतःच्या अंगावर घेतो, तो खाली सोडून देत नाही, हे एकदा दिसले की खालचा माणूसही निर्णय घेण्याचे धैर्य दाखवितो.

करण्याजोग्या चार गोष्टी

मावळसारख्या तालुक्यात धोरण खिडकीपर्यंत आणावयाचे तर चार गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिली, भाषा. बँकांतील अधिकाऱ्यांची भरती अखिल भारतीय पातळीवर होते; लिपिकांना राज्याची भाषा येणे आवश्यक मानले जाते, शाखाधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र तोच आग्रह ढिला पडतो. परप्रांतीय अधिकाऱ्याला महाराष्ट्रात पाठविण्यात काहीच वावगे नाही; त्याला सहा महिने मराठी शिकविण्याची सोय न करता आंदर मावळातील शेतकऱ्यासमोर बसविणे, हा दोघांवरही अन्याय आहे. ही सोय करणे मुख्यालयाचे काम आहे. ते न केल्याचा राग लोणावळ्यात एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला आला.

दुसरी, मुदत. साधारण तीन वर्षांनी होणारी बदली ठेवावी, पण तिचे वेळापत्रक पिकाच्या हंगामाशी जुळवावे. एप्रिल ते जून हे पीककर्जाचे महिने. नेमक्या याच काळात जुना अधिकारी निघून जातो आणि नवा अधिकारी अजून गावांची नावे शिकत असतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला पंधरा दिवस खोऱ्यांतून फिरवावे, असा दंडक घालण्यास पैसाही लागत नाही.

तिसरी, मोजमाप. शाखेने शेतीला किती दिले एवढेच न विचारता, जूनपूर्वी किती दिले आणि मागील वर्षीच्या कर्जदारांपैकी किती जण वेळेवर फेडून पुन्हा आले, हे विचारावे. पुन्हा आलेला कर्जदार ही शाखाधिकाऱ्याच्या पारखीची सर्वांत विश्वसनीय साक्ष आहे. ती एकेक रुपया भरून तयार करता येत नाही.

चौथी, वरिष्ठांचा प्रवास. पुण्याहून वडगाव तासाभराच्या अंतरावर आहे. विभागीय अधिकाऱ्यांनी आढाव्यासाठी शाखाधिकाऱ्यांना शहरात बोलावण्याऐवजी वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा भात कापणीनंतर, खोऱ्यांतील गावी जाऊन बसावे. तेथे विचारलेला एक प्रश्न दहा परिपत्रकांचे काम करील.

यांतील एकही सूचना भव्य नाही. बँकांच्या धोरणाची चर्चा विलीनीकरण, भांडवल आणि तंत्रज्ञान यांविषयी चालते आणि ती चालावीही. परंतु भ्रमणध्वनीवर खाते उघडता येऊ लागले तरी अविभक्त सातबाऱ्यावर कर्ज द्यावे की नाही, हा निर्णय अजून माणसालाच घ्यावा लागतो. आणि तो माणूस आपल्या वरच्या माणसाकडे पाहूनच तो घेतो.

येत्या मेमध्ये मावळातील कोणी शेतकरी सातबारा घेऊन शाखेत जाईल. त्याला धोरण ठाऊक नसेल, उद्दिष्ट ठाऊक नसेल, मुख्यालयातील अध्यक्षांचे नावही ठाऊक नसेल. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्या भाषेत दोन प्रश्न विचारले आणि आठ दिवसांनी येण्यास सांगून आठव्या दिवशी खरोखर पैसे दिले, तर त्याच्या लेखी सारी बँक चांगली ठरेल. तसे झाले नाही, तर बाहेर द्रुतगती मार्गाच्या बाजूला त्याच्या जमिनीचा भाव विचारणारा गृहस्थ थांबलेला असेल, आणि त्याला कोणत्याही आढावा बैठकीची वाट पाहावी लागत नाही.